‘वेगळी’ आणि ‘वेगवेगळी’: ‘व्हेरिअस’ या शब्दाच्या निमित्ताने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शालेय पुरवणीत गेल्या आठवड्यात इंग्रजी शब्दांच्या चौकटीसाठी ‘व्हेरिअस’ हा शब्द घेतला होता आणि त्यापुढे ‘विविध, अनेक, भिन्न, बरेच, वेगळे’ असे पाच अर्थ स्वल्पविराम देऊन ओळीने छापले होते. मुलांनी ती चौकट कापून वहीत चिकटवावी, अशी सूचनाही खाली होती. त्या सूचनेमुळेच हे पत्र लिहावेसे वाटले. वहीत चिकटवलेला अर्थ पुढे आयुष्यभर पुसला जात नाही, आणि हे पाच शब्द एका रांगेत ठेवले म्हणजे त्यांपैकी कोणताही उचलून कुठेही बसवला तरी चालतो, असेच मूल समजते. भाषांतर हा माझा तीस वर्षांचा व्यवसाय आहे. इतक्या वर्षांत या एका साध्या विशेषणाने मला जितके अडवले तितके मोठमोठ्या पारिभाषिक शब्दांनीही अडवलेले नाही. पारिभाषिक शब्द आला की माणूस निमूटपणे कोश उघडतो. ‘व्हेरिअस’साठी कोणी कोश उघडत नाही, कारण तो आपल्याला येतो अशी प्रत्येकाची खात्री असते.

‘व्हेरिअस’ हा शब्द एका दमात दोन गोष्टी सांगतो: वस्तू एकाहून जास्त आहेत, आणि त्या एकमेकींसारख्या नाहीत. यातली पहिली गोष्ट लक्षात राहते आणि दुसरी गळून जाते, हे सगळ्या गोंधळाचे मूळ आहे. एकाच पुस्तकाच्या शंभर प्रती फळीवर रचून ठेवल्या तर त्या ‘मेनी’ आहेत, पण ‘व्हेरिअस’ मुळीच नाहीत. टेबलावर एक कोश, एक कवितासंग्रह आणि एक प्रवासवर्णन अशी तीनच पुस्तके असली, तर त्यांना ‘मेनी’ म्हणणे धाडसाचे होईल, मात्र ‘व्हेरिअस’ म्हणायला कोणाची हरकत नसावी. मराठीतला ‘अनेक’ हा शब्द मुळात ‘एक नव्हे’ एवढेच सांगतो. त्यात केवळ संख्या आहे. ‘बरेच’ या शब्दातही मोजणीच आहे. तेव्हा चौकटीतल्या पाचांपैकी हे दोन अर्थ ‘मेनी’च्या घरचे आहेत आणि ते तिथेच राहावेत. एखाद्या वाक्यात ‘व्हेरिअस’चे भाषांतर ‘अनेक’ करून भागते हे मला मान्य आहे, मी स्वतःही ते केले आहे. पण भागणे वेगळे आणि अर्थ असणे वेगळे.

हा शब्द लॅटिनमधून आला. तिथे ‘व्हारिउस’ म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा, अनेक रंगांचा, आणि त्यावरून पालटणारा, एकसारखा न राहणारा. म्हणजे मूळ चित्र पुष्कळ वस्तूंचे नसून एकाच वस्तूच्या अंगावरच्या अनेक रंगांचे आहे. ‘व्हरायटी’, ‘व्हेरिएशन’, ‘व्हेरिएबल’ हे सगळे त्याच कुळातले, आणि गणितातल्या चल राशीला ‘व्हेरिएबल’ का म्हणतात हे या ‘पालटणारा’ अर्थाकडे पाहिले की लगेच उमगते. एका ग्रंथावरच्या अनेक टीकाकारांच्या टिपा एकत्र छापलेल्या आवृत्तीला ‘व्हेरिओरम’ म्हणतात, तेही याच लॅटिन विशेषणाचे षष्ठीचे रूप आहे, ‘निरनिराळ्यांच्या’ अशा अर्थाचे. इंग्रजीत आल्यावरही बराच काळ जुना अर्थ टिकून होता. मिल्टनच्या १६६७ साली प्रसिद्ध झालेल्या महाकाव्यात नंदनवनाच्या वर्णनात ‘व्ह्यू’ या एकवचनी नामाला ‘व्हेरिअस’ लावलेले आहे: देखावा एकच, पण क्षणोक्षणी नवे रूप दाखवणारा. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या कोशात ‘बदलणारा, अनिश्चित’ हाही अर्थ नोंदलेला आढळतो. आज एकवचनी नामाला हा शब्द लावण्याची रीत जवळजवळ संपली आहे आणि ‘एकाहून जास्त व परस्परांहून निराळे’ हाच अर्थ रूढ आहे.

मुलांना शिकवायचे ते इथून पुढचे. आजच्या इंग्रजीत ‘व्हेरिअस’ला मोजता येण्याजोगे नाम लागते आणि तेही अनेकवचनी. माझ्याकडे मार्गदर्शनासाठी येणाऱ्या मुलांच्या निबंधांत ‘व्हेरिअस इन्फर्मेशन’ हा प्रयोग हमखास सापडतो. तो का होतो हे मराठी माणसाला सहज कळेल. ‘आम्हाला विविध माहिती मिळाली’ हे आपण बिनदिक्कत लिहितो, ‘माहिती’चे अनेकवचन आपल्याला दिसतही नाही आणि खटकतही नाही, आणि तेच वाक्य मूल जसेच्या तसे इंग्रजीत उतरवते. तिथे ‘व्हेरिअस काइंड्स ऑफ इन्फर्मेशन’ म्हणावे लागते, किंवा ‘इन्फर्मेशन ऑन व्हेरिअस सब्जेक्ट्स’. दुसरे वाक्य मला जास्त आवडते, कारण वेगळेपण माहितीत नसून विषयांत आहे हे त्यात स्पष्ट होते; आणि मराठीतही ‘विविध विषयांवरची माहिती’ हेच ‘विविध माहिती’हून नेटके आहे.

या शब्दाची जागाही ठरलेली आहे. तो इतर विशेषणांच्या आधी बसतो: ‘व्हेरिअस ओल्ड बुक्स’ बरोबर, ‘ओल्ड व्हेरिअस बुक्स’ चूक. म्हणजे वागणुकीने तो ‘सम’, ‘मेनी’, ‘सेव्हरल’ या संख्यादर्शक मंडळींच्या पंगतीतला आहे, रंगरूप सांगणाऱ्या विशेषणांच्या नाही. त्यामुळेच त्याच्या आधी ‘व्हेरी’ सहसा लागत नाही. ‘व्हेरिअस डिफरन्ट’ ही जोडी सर्रास ऐकू येते. एकच गोष्ट दोनदा सांगणारी म्हणून ती लिहिताना टाळावी. ‘व्हेरिअस ऑफ द मेंबर्स’ अशी रचना कोणी स्वीकारतो, कोणी चूक ठरवतो; विद्यार्थ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये, ‘सम ऑफ’ने काम होते.

आता ‘वेगळे’ या अर्थाकडे वळते, कारण चौकटीतली सर्वांत मोठी चूक ती आहे आणि मराठीची सर्वांत सुंदर सोयही तिथेच दडलेली आहे. ‘वुई नीड डिफरन्ट बुक्स’ आणि ‘वुई नीड व्हेरिअस बुक्स’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्याचा अर्थ बहुधा असा होतो की ही पुस्तके उपयोगाची नाहीत, दुसरी आणा. तिथे तुलना हातातल्या पुस्तकांशी आहे, म्हणजे गटाबाहेरच्या कशाशी तरी आहे. दुसऱ्या वाक्यात तुलना गटाच्या आतच आहे: जी पुस्तके आणाल ती एका छापाची नकोत. ‘डिफरन्ट’ला दोन्ही अर्थ पेलतात, म्हणून इंग्रजी वाचकाला अनेकदा संदर्भावरून ताडावे लागते. मराठीत हा घोळ होतच नाही. ‘आम्हाला वेगळी पुस्तके हवीत’ आणि ‘आम्हाला वेगवेगळी पुस्तके हवीत’! एका ‘वेग’ची भर पडली आणि तुलनेची दिशाच फिरली. ‘ही मुले वेगळी आहेत’ म्हणजे इतर मुलांसारखी नाहीत. ‘ही मुले वेगवेगळी आहेत’ म्हणजे एकमेकांसारखी नाहीत. ‘निराळी’ आणि ‘निरनिराळी’ यांतही तोच फरक आहे. जे सांगायला इंग्रजीला दोन निरनिराळे शब्द बाळगावे लागतात ते आपली भाषा शब्दाची द्विरुक्ती करून सांगते, आणि चार वर्षांचे मूलसुद्धा ते न शिकवता अचूक बोलते. असे असताना पुरवणीने ‘व्हेरिअस म्हणजे वेगळे’ असे छापावे याचे मला मनापासून वाईट वाटले. ‘वेगळे’ हे ‘डिफरन्ट’चे भाषांतर आहे. ‘व्हेरिअस’चे भाषांतर ‘वेगवेगळे’ असे आहे.

‘वेगवेगळे’ला आणखी एक पदर आहे, तो इंग्रजी ‘व्हेरिअस’ला नाही. ‘ते दोघे वेगवेगळे आले’ म्हणजे एकत्र आले नाहीत, सुटे आले. इथे फरक स्वभावाचा नाही, फक्त अलगपणाचा आहे. हा सुटेपणाचा अर्थ इंग्रजीत ‘सेव्हरल’ या शब्दाच्या पोटात आहे, आणि त्यावरून घडलेला एक प्रसंग इथे सांगायलाच हवा.

काही वर्षांपूर्वी एका जामीनपत्राचा मराठी मसुदा माझ्याकडे तपासण्यासाठी आला होता. दोन जामीनदार होते आणि सही करण्याआधी दोघेही समोर येऊन बसले होते. मूळ इंग्रजीत ते ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ जबाबदार असतील असे कलम होते. आधीच्या भाषांतरकाराने त्याचे ‘संयुक्तपणे आणि विविध प्रकारे जबाबदार राहतील’ असे करून ठेवले होते. दोघांतले वयस्कर गृहस्थ म्हणाले, “मॅडम, ते विविध प्रकारे काय ते जाऊ द्या. निम्मे याच्यावर, निम्मे माझ्यावर, असेच ना?” मला क्षणभर बोलता येईना. ‘सेव्हरल’चा जुना अर्थ ‘अलग, सुटा’ असा आहे. रोजच्या इंग्रजीत तो पालटून ‘काही, बऱ्यापैकी’ असा झाला, पण कायद्याने जुना अर्थ जपून ठेवला. ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ म्हणजे दोघे मिळून जबाबदार आहेतच, शिवाय प्रत्येक जण एकटाही संपूर्ण रकमेला जबाबदार आहे. एकाने हात वर केले तर दुसऱ्याकडून सगळी रक्कम वसूल करता येते. हे समजावून सांगितल्यावर त्या गृहस्थांनी चष्मा काढला, मसुदा घडी करून खिशात ठेवला आणि घरी विचारून येतो म्हणून उठले. मी त्या जागी ‘एकत्रितपणे, तसेच प्रत्येक जण स्वतंत्रपणे संपूर्ण रकमेसाठी’ असे लिहिले. ‘विविध प्रकारे’ या दोन शब्दांवर विसंबून त्यांनी त्याच बैठकीत सही केली असती तर काय झाले असते, हा विचार अजूनही माझा पिच्छा सोडत नाही. ‘व्हेरिअस’, ‘सेव्हरल’, ‘डायव्हर्स’ या सगळ्यांसाठी एकच ‘विविध’ हाताशी ठेवण्याची सवय किती दूरवर जाते हे त्या दिवशी कळले.

‘डायव्हर्स’बद्दल थोडेसे. हा शब्दही लॅटिन, ‘निरनिराळ्या दिशांना वळलेले’ अशा अर्थाच्या धातुसाधितावरून आलेला. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘डायव्हर्झ’ असे त्याचे भावंड ‘नाना’ या अर्थाने भेटते. ते आता लेखनातून जवळपास गेले. राहिलेल्या ‘डायव्हर्स’चे आणि ‘व्हेरिअस’चे काम मात्र एक नाही. ‘व्हेरिअस ग्रुप्स’ म्हणजे विविध गट, गट पुष्कळ. ‘अ डायव्हर्स ग्रुप’ म्हणजे गट एकच, पण त्याच्या आत तऱ्हेतऱ्हेची माणसे. त्याला ‘वैविध्यपूर्ण गट’ म्हणावे. म्हणजे ‘व्हेरिअस’ने टाकून दिलेली एकवचनाची जागा आता ‘डायव्हर्स’ सांभाळतो, आणि त्याच्या आधी ‘व्हेरी’ व ‘मोअर’ खुशाल लागतात. ‘व्हेरीड’ही याच बाजूचा: ‘अ व्हेरीड करिअर’ म्हणजे एकाच माणसाची, पण अनेक वळणांची कारकीर्द. हल्ली एकट्या माणसालाच ‘डायव्हर्स’ म्हणण्याची टूम निघाली आहे, ती मला पटत नाही. वैविध्य समूहात असते, एकटा माणूस कशाच्या तुलनेत विविध ठरणार? जाता जाता, ‘वैविध्य’ हे स्वतःच भाववाचक नाम आहे, त्याला ‘ता’ जोडून ‘वैविध्यता’ करू नये. आपल्या दैनिकात ते रूप मी एकाहून अधिक वेळा वाचले आहे.

उरला ‘भिन्न’. त्याच्या मुळाशी फुटणे, तुटणे आहे. ‘भिन्न मते’ म्हटले की ती मते एकमेकांशी जुळत नाहीत असा सूर येतो. ‘विविध मते’ मात्र गुण्यागोविंदाने शेजारी नांदू शकतात. ‘व्हेरिअस’मध्ये हा विरोध नाही.

आणि मग खुद्द ‘विविध’. त्याच्या पोटात ‘विध’ म्हणजे प्रकार बसलेला आहे. म्हणून प्रकार जिथे खरोखर निराळे आहेत तिथे तो शोभतो: विविध कला, विविध शास्त्रे. ‘विविध मुले आली’ हे कानाला बरे वाटत नाही, ‘वेगवेगळी मुले आली’ हे लगेच वाटते, कारण माणसांना आपण प्रकारांत मोजत नाही. काटेकोरपणे पाहिले तर ‘विविध प्रकारचे’ यात प्रकार दोनदा आला. पण ते इतके रुळले आहे की त्यावर तक्रार करण्याचा माझा विचार नाही. तक्रार आहे ती या शब्दाच्या अतिवापराविषयी. ज्या अंकात ती चौकट होती, त्याच अंकातली एक आंदोलनाची बातमी मी पेन्सिल घेऊन वाचली. पंधरा ओळींत ‘विविध’ पाच वेळा होता: विविध मागण्या, विविध संघटना, विविध घोषणा, विविध मान्यवर आणि शेवटी विविध स्तरांतून पाठिंबा. बातमी वाचून संपली तरी एकही मागणी कळली नाही. इंग्रजीतही ‘फॉर व्हेरिअस रीझन्स’ हे शब्द अनेकदा कारण सांगायचे नसले की वापरले जातात, आणि कारण न सांगण्याचा हक्क बोलणाऱ्याला असतो. वार्ताहराला तो नाही. दोन मागण्या नावानिशी दिल्या असत्या तरी जागा तेवढीच लागली असती.

मूळ मजकूर इंग्रजीतून येतो, वेळ कमी असतो, आणि ‘व्हेरिअस’ दिसले की बोटे आपोआप ‘विविध’ टंकतात, हे मी समजू शकते, माझीही टंकतात. पण मराठीने या एका कामासाठी किती साधने देऊन ठेवली आहेत! ‘ॲट व्हेरिअस प्लेसेस’साठी ठिकठिकाणी आहे, जागोजागी आहे. ‘व्हेरिअस कंट्रीज’मधून आलेले पाहुणे देशोदेशीचे होतात. ‘व्हेरिअस ओपिनिअन्स’ना मतमतांतरे हा एकच भरदार शब्द पुरतो. ‘इन व्हेरिअस वेज’ समजावले असेल तर परोपरीने समजावले. ‘फॉर व्हेरिअस रीझन्स’ काम लांबले, तर ते या ना त्या कारणाने लांबले. ‘व्हेरिअस पीपल’नी सांगितले, तर चार लोकांनी सांगितले, आणि इथला ‘चार’ कोणीही बोटांवर मोजत नाही. ‘व्हेरिअसली कॉल्ड’ हे क्रियाविशेषण तर ‘विविध प्रकारे संबोधले जाते’ असे करून टाकण्याचीच प्रथा पडली आहे. ‘कोणी त्याला हे म्हणतात, कोणी ते’ इतक्या सरळ वाक्यात तो अर्थ उतरतो.

या साधनांतही नजर ठेवावी लागते, हे मान्य. ‘ॲट व्हेरिअस टाइम्स’ला ‘वेळोवेळी’ हा शब्द चटकन सुचतो, पण तो दर वेळी चालत नाही. ‘मुले वेगवेगळ्या वेळी आली’ म्हणजे कोणी आठला आले, कोणी नऊला, एकदम कोणी आले नाहीत. ‘मुले वेळोवेळी आली’ म्हणजे तीच मुले पुन्हा पुन्हा येत राहिली. एका दवाखान्यासाठी केलेल्या सूचनापत्रात मी स्वतः ही चूक केली होती. गोळ्या दिवसाच्या निरनिराळ्या वेळी घ्यायच्या होत्या, आणि मी ‘वेळोवेळी घ्याव्यात’ असे लिहून बसले. तिथल्या परिचारिकेने ते वाचून विचारले, “म्हणजे आठवण होईल तेव्हा घ्यायच्या का?” मी ते वाक्य तिच्यासमोरच खोडले आणि सकाळ, दुपार, रात्र असे तिन्ही काळ लिहून दिले.

माझी विनंती एवढीच आहे की पुरवणीतली ती चौकट दुरुस्त करून, त्याच आकारात, पुन्हा छापावी, म्हणजे मुलांना जुनीवर नवी चिकटवता येईल. ‘व्हेरिअस’पुढे ‘वेगवेगळे, निरनिराळे, विविध’ एवढे तीनच अर्थ द्यावेत. त्याखाली पुस्तकांची ती दोन वाक्ये द्यावीत, एक ‘डिफरन्ट’चे आणि एक ‘व्हेरिअस’चे, आणि त्यांच्या शेजारी ‘वेगळी’ व ‘वेगवेगळी’ हे शब्द ठळक टाइपात असावेत. जागा उरली तर ‘नाम नेहमी अनेकवचनी’ ही टीप घालावी. चौकटीचा मजकूर तयार करून देण्याची माझी तयारी आहे. त्यासाठी मानधनाची अपेक्षा नाही.

आपली विश्वासू,
एक भाषांतरकार आणि आपल्या दैनिकाची नियमित वाचक